वाचकांचे प्रश्न : वरचं गणित शाळेत आणायचं, पण कसं?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की ज्या लेकरांना गणित पटकन जमतं त्यांना आठवी ते दहावीत शाळेकडून वेगळं असं काहीच मिळत नाही, बाकीच्यांचं होईस्तोवर ती गप बसून राहतात. त्यावर भरपूर मेल अन् व्हॉट्सॲप आले, काही चिडलेले पण. त्यातले निवडक घेतलेत. नावं टाकली नाहीत कारण निम्मे लोक शाळेतच नोकरीला आहेत.

प्रश्न : सर, मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषद प्रशालेत गणित शिकवते, विज्ञान पण माझ्याकडंच आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी पालकसभेत जाहीरच करून टाकलं की यंदापासून 'ॲडव्हान्स मॅथ्स' सुरू, टाळ्या पण झाल्या, आता करायचं कोणी तर मी. पुस्तक नाही, तासिका नाही, ट्रेनिंग तर नाहीच. अकरावीचं पुस्तक आणून नववी-दहावीला सुरू करू का?

नका करू ताई. सगळ्यात सोपा रस्ता हाच दिसतो आणि सगळ्यात जास्त वाया पण हाच जातो. अकरावीचं पुस्तक दहावीच्या पोरासमोर ठेवलं की ते सूत्रं पाठ करतं, दोन उदाहरणं तुमच्यासारखी करून दाखवतं, घरचे खूश होतात, आणि खरोखर अकरावीत गेल्यावर 'हे झालंय माझं' म्हणून ते लक्षच देत नाही. वरचं गणित म्हणजे पुढच्या वर्गाचं गणित, हे डोक्यातून आधी काढून टाका. पाठ तोच ठेवा, प्रश्न बदला.

आता दहावी भाग एकमधली अंकगणिती श्रेढीच घ्या. पहिल्या इतक्या पदांची बेरीज काढा, हे पोरं झोपेत करतात. त्यांना विचारा की १०० ही संख्या लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते? कमीत कमी दोन संख्या पाहिजेत, बाकी अट नाही. आधी पोरं चाचपडतात, मग कोणीतरी १८, १९, २०, २१, २२ घेऊन येतं, मग शांतता, मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी ९ पासून १६ पर्यंत घेऊन येतं. आता खरं गणित सुरू होतं, कारण तुम्ही विचारणार की अजून आहेत का, आणि नाहीत तर नाहीत हे कशावरून? इथं त्यांचंच सूत्र कामाला येतं. पदांची संख्या गुणिले पहिल्या-शेवटच्या पदांची बेरीज बरोबर २००, आणि या दोन गुणकांतला एक सम तर दुसरा विषमच असतो (का, ते पोरांना शोधू द्या, सांगू नका), म्हणजे २०० चे तसे तुकडे पाडायचे, ५ गुणिले ४० आणि ८ गुणिले २५, १ गुणिले २०० म्हणजे एकटी १०० च, ती सोडली तर संपलं. दोनच प्रकार. मग एखादं पोरगं विचारतंच की अशी संख्या असते का जी कशीच लिहिता येत नाही. २, ४, ८, १६, ३२ करून बघा म्हणावं. एका पाठातून विभाज्यता, सम-विषम, सिद्धता सगळं निघालं आणि अकरावीच्या पुस्तकाला हात लावला नाही.

आठवीला मूळ संख्या, विभाज्यता आणि मोजणी (एखादी गोष्ट किती प्रकारे होते ते मोजणं) यातलेच प्रश्न, नववीला बहुपदीतून अवयव आणि पूर्णांक उकली, दहावीला श्रेढी आणि समरूपता. वर्षभरात असे पंधरा-वीस चांगले प्रश्न झाले तरी पुष्कळ झालं, शंभर प्रश्नांची झेरॉक्स वाटायच्या भानगडीत पडू नका.

वेळेचं काय, तर शाळा सुटल्यावरचा जादा तास ठेवू नका. कागदावर छान दिसतो, पण मुलींची ने-आण करणारी मानव विकास योजनेची निळी बस निघाली की बाहेरगावच्या मुली गेल्या, राहतात कोण तर गावातली चार पोरं. मग पुढं लोक म्हणणार की मुलींना गणितात इंटरेस्ट नसतो. तास शाळेच्या वेळातच पाहिजे, आठवड्यातून एकदा पण जोडतास, कारण पस्तीस-चाळीस मिनिटांत असला प्रश्न नुसता तापतो आणि घंटा होते. शनिवारी सकाळची शाळा असते, तिथं शेवटचे दोन तास मिळतात का बघा. पीटीचा तास मात्र घेऊ नका, पोरं गणितालाच शिव्या देतील.

पोरं निवडताना टक्के बघू नका. सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवा आणि गुरुवारपर्यंत पुसू नका. जो किंवा जी काहीतरी खरडून घेऊन येईल, चुकीचं का असेना, ती तुमची बॅच. यात पहिल्या नंबरची पोरं बऱ्याचदा येत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो, त्यांना चुकायची सवय नसते.

आणि मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, वेळापत्रकात ती तासिका, आणि दुसरं, त्या दिवशी तुम्हाला ऑनलाइन माहिती भरायच्या कामाला लावायचं नाही. टाळ्या त्यांनी घेतल्यात, एवढं तर देतीलच. नाही दिलं तर ॲडव्हान्स मॅथ्स फक्त बोर्डवर रंगवायचंय असं समजा.

ट्रेनिंगची वाट बघू नका. तालुक्यातले अजून दोघं-तिघं गणितवाले गाठा, महिन्यातून एकदा एकेक प्रश्न घेऊन बसा, उत्तर न बघता सोडवा. शिक्षक स्वतः अडकल्याशिवाय पोरांना अडकू द्यायचा धीर येत नाही, लगेच हिंट देऊन मोकळे होतो आपण.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. लातूरला फाउंडेशन बॅचला टाकलाय, फी लई आहे पण म्हणलं भविष्य आहे. तिथं साइन-कॉस, लॉगॅरिदम सुरू झालंय. आता तो म्हणतो शाळेतलं गणित बोअर होतंय, सरांना काही येत नाही. चालू ठेवावं का?

लातूर पॅटर्न ज्या कामासाठी नावाजला ते काम वेगळं होतं. अकरावी-बारावीची, सतरा-अठरा वर्षांची पोरं, नेमका सिलॅबस, टेस्टवर टेस्ट, चुकलेल्या प्रश्नाची परत तयारी. त्यातून मराठवाड्यातल्या साध्या घरातली शेकडो पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली हे कोणी नाकारत नाही, मी तर नाहीच. पण तेच यंत्र सातवीला लावायचं म्हणजे नांगराला वासरू जुंपण्यासारखं आहे.

घरी एक करून बघा, परीक्षा म्हणून नाही, चहा पिता पिता. त्याला विचारा, ऋण गुणिले ऋण धन का येतं? अर्ध्याला पावने भागलं तर दोन येतात, चित्र काढून दाखव. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० असते हे मला पटवून दे, मला काहीच येत नाही असं समज. तिन्ही नीट सांगितले तर बॅच चांगली चाललीय, बिनधास्त ठेवा. 'असा नियमच आहे पप्पा' असं उत्तर आलं तर तो गणित शिकत नाहीये, बटनं दाबायला शिकतोय.

साइनचंच बघा. कोन तेवढाच ठेवला तर काटकोन त्रिकोण लहान असो की मोठा, बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही, या एका गोष्टीवर सगळी त्रिकोणमिती उभी आहे, आणि ही गोष्ट समरूपतेतून येते. राज्याच्या पुस्तकात त्रिकोणमिती नववीला सुरू होते अन् समरूपता सविस्तर दहावीला येते. सातवीतल्या मुलाला हे समजणारच नाही असं नाही, दोरी अन् सावली घेऊन बसलं तर समजतं पण. पण बॅचमध्ये दोरी-सावलीला वेळ नसतो, तिथं तक्ता पाठ होतो.

अजून एक. जेईई मेन म्हणजे तीन तासांत ७५ प्रश्न. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला दोन दिवस मिळून नऊ तासांत ६ प्रश्न. दोन्हीला गणितच म्हणतात. पहिल्याला स्पीड लागतो, तो सोळाव्या वर्षी पण आणता येतो. दुसऱ्याला एका प्रश्नावर तास-दीड तास न कंटाळता बसायची सवय लागते, ती बारा-तेराव्या वर्षी लागली तर लागली. माझं विचाराल तर बॅच सोडा किंवा निदान एक वर्ष थांबवा.

सरांना काही येत नाही हे तो कुठून शिकला तेही बघा. शाळेतच शिकला असं वाटत नाही मला.

प्रश्न : सर मी बीड जिल्ह्यात नववीत आहे, सेमीला. गणितात पैकीच्या पैकी पडतात. मला ऑलिम्पियाड द्यायचंय पण आमच्या इथं कोणालाच माहीत नाही. नेटवर बघितलं तर दहा-बारा ऑलिम्पियाड दिसायलेत, खरं कोणतं?

तुझा प्रश्न वाचून लई बरं वाटलं. ज्यात शाळेला फी भरून प्रत्येकाला मेडल नाहीतर सर्टिफिकेट मिळतं त्या खासगी परीक्षा आहेत. द्यायला हरकत नाही, पण त्या रस्त्याने भारताच्या टीमपर्यंत जाता येत नाही. तो रस्ता आयओक्यूएम (इंडियन ऑलिम्पियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स) या परीक्षेपासून सुरू होतो. आठवी ते बारावीच्या मुलांना देता येते, म्हणजे तुला चालते. तीन तास, ३० प्रश्न, १०० मार्क. पर्याय नसतात, उत्तर शून्य ते ९९ मधली पूर्णांक संख्या असते, ती भरायची. त्यातून निवडलेल्यांना आरएमओ (विभागीय ऑलिम्पियाड), मग आयएनएमओ (राष्ट्रीय ऑलिम्पियाड), मग कॅम्प आणि तिथून सहा जणांची टीम. हे सगळं मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं, आयओक्यूएम गणित शिक्षकांची संघटना घेते. तारखा आणि नोंदणी केंद्राच्या अन् त्या संघटनेच्या वेबसाइटवर बघ, कोणाच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नको. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातो, १९९६ ला तर ती मुंबईतच झाली होती, आणि २०२४ ला आपल्या टीमनं चार सुवर्ण आणून चौथा नंबर काढला.

आता कडू बोलतो. पैकीच्या पैकी पडतात याचा इथं फार उपयोग नाही. पहिल्यांदा पेपर बघशील तेव्हा तीसपैकी चार सुटले तरी खूप म्हणायचं, घाबरून सोडू नको. सिलॅबस बघितला तर कॅल्क्युलस लागतच नाही, चारच गोष्टी आहेत, संख्या सिद्धांत (म्हणजे विभाज्यता, भागाकारातली बाकी, मूळ संख्या), बीजगणित, भूमिती आणि मोजणी. शाळेत मोजणी जवळपास नसतेच, म्हणून तिथून सुरू कर. हा घे एक : १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या उचल, त्यात लागोपाठच्या दोन निघणारच. का? सगळे प्रकार लिहीत बसलास तर जन्म जाईल. १ आणि २ ची जोडी, ३ आणि ४ ची जोडी अशा जोड्या लाव अन् विचार कर. पुढचं सांगत नाही.

उत्तर सापडलं की ते पूर्ण वाक्यांत लिही, अशा माणसाला कळेल असं ज्याला तू समोर बसून समजावू शकत नाहीस. आरएमओपासून पुढं नुसत्या उत्तराला किंमत नाही, पूर्ण सिद्धता लिहावी लागते, आणि आपल्याकडची पोरं बऱ्याचदा तिथंच अडकतात, डोकं असून. मागच्या वर्षांचे पेपर केंद्राच्या साइटवर फुकट आहेत. पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान ऑलिम्पियाडची तयारी घेतं, त्यांच्याकडं पण चौकशी कर.

आणि धाकटं भावंड आठवीत असेल तर त्याला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला सांग. ते ऑलिम्पियाड नाही, पण पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट आहे, शाळेत विचार.

प्रश्न : मी नांदेडला बीएड करतोय. अमेरिकेत साठच्या दशकात शाळेत असंच वरचं गणित आणलं होतं अन् ते फसलं असं लेक्चरला सांगितलं. नेमकं काय झालं होतं? आपल्याकडं पण तेच होईल का?

१९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला वाटलं आपली पोरं गणित-विज्ञानात मागं पडली. मग 'न्यू मॅथ' आलं, प्राथमिकपासूनच संच, वेगवेगळ्या पायांच्या संख्यापद्धती वगैरे. त्यातलाच एक थोडा वेगळा प्रयोग १९६५ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून सुरू झाला, प्रमुख होते हॉवर्ड फेर. नाव लांबलचक, सेकंडरी स्कूल मॅथेमॅटिक्स करिक्युलम इम्प्रूव्हमेंट स्टडी. सातवी ते बारावी, आणि सगळ्यांसाठी नाही तर गणितात वरच्या पंधरा-वीस टक्के पोरांसाठी. एक वर्ष बीजगणित मग एक वर्ष भूमिती असं न करता संच, फलन, गट, मॅट्रिक्स, संभाव्यता सगळं एकात गुंफून.

मला स्वतःला तो आराखडा आवडतो. पण शाळेत उतरवताना तीन ठिकाणी घासलं. शिक्षक जुनं गणित शिकून आलेले, त्यांना हे नव्यानं शिकावं लागलं. बाहेरच्या परीक्षा जुन्याच चौकटीतल्या, त्यामुळं पोरगं शिकतंय एक अन् पेपर दुसराच. आणि मधेच शाळा बदलली की ते पोरगं ना इकडचं ना तिकडचं. सत्तरच्या दशकात सगळ्याच न्यू मॅथवर टीका वाढली, 'बॅक टू बेसिक्स'ची लाट आली अन् त्यात हे पण विरून गेलं. गणित चुकीचं होतं म्हणून नाही गेलं, भोवतालची परीक्षा आणि शिक्षक हलले नाहीत म्हणून गेलं.

आपल्याकडं त्याची शेपूट अजून आहे की. नववीच्या भाग एकचा पहिला पाठ उघडा, संच. तो जगभर शाळेत शिरला तो त्याच लाटेवर. आता वर्गात त्याचं काय होतं बघा, वेन आकृती काढा, छेद-संयोग काढा, मार्क घ्या, अन् नंतर दहावीपर्यंत फारसा कुठं वापर नाही. कल्पना आली, तिच्यामागचं कारण बॉर्डरवरच राहिलं. तुमच्या पाठ-निरीक्षणात संच शिकवायची पाळी आली तर संभाव्यतेचा नमुना अवकाश (सगळ्या शक्य निकालांचा संच) त्याच तासात आणून बघा, मार्गदर्शक कुरकुरतील, करू द्या.

तेच होईल का म्हणाल तर आपल्याकडं पण परीक्षाच ठरवते. दहावीचा प्रत्येक पेपर ४० मार्कांचा आणि त्यात शेवटचा विचार करायला लावणारा प्रश्न ३ मार्कांचा. बहुतेक वर्गांत तो 'ऑप्शनला टाका' म्हणूनच शिकवला जातो.

प्रश्न : तुमचं सगळं हुशार पोरांसाठीच चाललंय. आमच्या वर्गातली तिसरा हिस्सा लेकरं दिवाळीनंतर आई-बापासोबत उसाला जातात, आली की मार्च उजाडलेला असतो. त्यांना भागाकार येईना. अन् तुम्ही ऑलिम्पियाड काढायलेत. (एक शिक्षक, बीड जिल्हा)

सर, राग बरोबर आहे. पण मला या दोन गोष्टी एकमेकांच्या विरोधात दिसत नाहीत. उसावर जाणाऱ्या लेकरांचं नुकसान माझ्या आठवड्यातल्या एका जोडतासानं होत नाही, ते हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू न झाल्यानं होतं, अन् परत आल्यावर त्याला थेट चालू पाठावर बसवल्यानं होतं. इतिहासाचा एक धडा बुडला तरी पुढचा कळतो, गणितात अपूर्णांक बुडला की गुणोत्तर, टक्केवारी, समीकरण, सगळं बुडालं.

पोरांचे दोन कायमचे गट पाडायला मात्र माझा विरोध आहे. सीबीएसईनं २०१९-२० पासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर आणले, तिथं निदान सिलॅबस अन् पुस्तक एकच ठेवलं, फक्त पेपरची काठिण्यपातळी वेगळी. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात पण दोन पातळ्यांची भाषा आहे. आपल्या राज्यात २०२४ ला तर असा प्रस्ताव आला की गणित-विज्ञानात २० मार्क पडले तरी अकरावीला जाता येईल, पण गुणपत्रिकेवर शेरा येणार की पुढं हे विषय घेता येणार नाहीत. नापासाचा शिक्का टळतो हे खरं, पण तो शेरा कोणाच्या कागदावर जास्त दिसेल हे तुम्हाला मला सांगायला नको. जे लेकरू चार महिने फडात होतं त्याचं गणित कच्चं नाही, बुडालेलं आहे, फरक आहे त्यात.

म्हणून वर ताईंना सांगितलं तेच, फळ्यावरचा प्रश्न सगळ्यांसाठी खुला ठेवा. उसाचा हिशोब, टनाचा भाव, उचल किती फिटली हे तोंडी करणारी लेकरं तुमच्याच वर्गात आहेत. त्यांना भागाकाराची मांडणी येत नसेल, पण मोजणीचा प्रश्न सोडवतील. एकदा विचारून तर बघा, मग मला शिव्या घाला.

प्रश्न : जिओजेब्रा वापरावं का? शाळेत एकच टीव्ही आहे अन् लाईटचा भरवसा नाही. (हिंगोली)

वापरा, भूमितीच्या आकृत्या हलवून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं. वर्तुळातले कोन अन् समरूपता यासाठी तर जरूर, बिंदू ओढून दाखवला की दहा आकृत्यांचं काम होतं. पण आधी पोरांकडून वहीत काढून घ्या, काय होईल याचा अंदाज लिहून घ्या, अन् मगच टीव्ही लावा. लाईट गेली तर वही आहेच.